राजश्री निरंजनराव यांच्या जर्मनीवरील दुचाकी मोहिमेची मसलत

श्री. विघ्ने हरण करणारा तो समर्थ खरा. परंतु मनुष्याने जी विघ्ने आपण होऊन पैदा करावी, तेथे तोही हात टेकितो, हे जाणून त्यास आगाऊ नमन करून लेखनास आरंभ केला आहे. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी एक राज्य होते. राज्य कैसे? तर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पूर्वेस लिफ्ट, पश्चिमेस कपडे वाळत घालण्याची दोरी, इतकाच मुलूख. नाव सांगत नाही, शेजारी वाचतील. तेथे राजश्री निरंजनराव राज्य करीत होते, म्हणजे आपण करितो ऐसे त्यांचे मत होते, आणि त्यांचे कुटुंब सौभाग्यवती शर्वरीबाई राज्य चालवीत होत्या. एके दिवशी दाढी करिता करिता रावांच्या मनी आले की, वय चाळिशीपार गेले, पोट पुढे आले, केस मागे गेले, आणि पराक्रम म्हणावा तर सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून एकदा बोललो, इतकाच. तरी आता परदेशी मोहीम केली पाहिजे. आणि मोहीम तरी सहलकंपनीच्या झेंडेवाल्यामागे धावण्याची नव्हे, तर जर्मनी देशी उतरून, मोटारसायकल भाड्याने घेऊन, उभयतांनी तो मुलूख तुडवावा. मग तोंडास फेस तैसाच ठेवून राव बाहेर आले आणि मनसुबा जाहीर केला. बाई भाजी निवडीत होत्या. त्या बोलिल्या, "मला चालेल की. फक्त मोझेल नदीच्या काठी द्राक्षमळ्यांतलं एखादं गाव बघ. तिथं दोन दिवस नुसतं बसू या. बाकी तू ठरव." बाईंचे माहेर तासगाव, वडिलांचे द्राक्षाचे मळे, परदेशी द्राक्षवेल कैसी चढवितात ते पाहावे, इतकीच त्यांची हौस. परंतु राजे लोकांचे कान शेवटचे तेवढे ऐकितात. "बाकी तू ठरव" हे शब्द रावांनी उचलिले आणि अगोदरचे सारे भाजीच्या देठांबरोबर गेले.

मग काय पुसता! मोहिमेची तयारी ऐसी चालली की घरात पाय ठेवावयास जागा उरली नाही. जाड जाकिटे आली, ती घालून राव लिफ्टमध्ये शिरले तर दुसऱ्या मनुष्यास जागा नाही. हेल्मेटे आली, आणि त्यांत एकमेकांशी बोलण्याचे यंत्र बसविले. जर्मनीत वाहने उजव्या बाजूने चालतात, म्हणोन सरावासाठी पार्किंगात उजवीकडून फेऱ्या घालू लागले, आणि समोरून कचऱ्याची गाडी आली, आणि त्या गाडीवानाने जे शब्द काढिले ते लिहिण्याजोगे नव्हेत. जेवणाच्या मेजावर मसलती बसू लागल्या. मिठाची बरणी ते म्युनिक, लोणच्याची बरणी ते आल्प्स पर्वत, आणि बाईंनी "नदी कुठंय?" ऐसे पुसिले तेव्हा रावांनी चमचा आडवा ठेवून "ही बघ तुझी मोझेल" ऐसे सांगितले. आणि मग बोलण्याच्या भरात तोच चमचा उचलून दही खाल्ले, आणि नदी नकाशातून गेली. बाईंनी पाहिले. बोलिल्या नाहीत. बाई बोलिल्या नाहीत म्हणजे मान्य, हा त्या राज्याचा जुना कायदा. कोणी केला ते विचारू नये.

मग रावांनी ठरविले की मोठ्या मोहिमेपूर्वी रंगीत तालीम पाहिजे. तालीम खंबाटकीच्या घाटापर्यंत. त्यासाठी मेहुणे कौस्तुभराव यांची थोरली मोटारसायकल मागून आणिली. प्रवासात सामानाचे वजन कैसे लागते हे कळावे म्हणोन मागे दोहो बाजूंस पेट्या लाविल्या, आणि पेट्यांत तांदळाची आणि गव्हाची पोती कोंबिली. बाई म्हणाल्या, "अरे, जर्मनीला काय दळण घेऊन जायचंय?" राव बोलिले, "तुला यातलं कळत नाही, शर्वरी." आणि स्वारी निघाली. महामार्गास लागले, शिरवळ जवळ आले, आणि पेट्रोल भरावयास एका पंपावर वळले. आता आपल्या मुलखाची रीत ऐसी की, पंप आला की मागे बसलेल्याने दाराशीच उतरावे, चालत पलीकडच्या तोंडाशी जाऊन उभे राहावे, आणि पेट्रोल भरून झाले की चालविणाराने तेथून उचलून घ्यावे. त्या रीतीने बाई उतरल्या, हेल्मेट काढून काखेत घेतले आणि पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. रावांनी टाकी भरिली. चित्त आल्प्स पर्वतात. गाडी सुरू केली आणि भर्रदिशी पंपाबाहेर पडले. कडेला कोणी बाई हात करिते ऐसे दिसले. आपला पोशाख पाहून लोक सलाम करितात ऐसे समजून रावांनीही हात हालवून मुजरा घेतला, आणि पुढे गेले. धन्य ती नजर!

मागे पोत्यांचे वजन, त्यामुळे एक मनुष्य कमी झाले हे गाडीस कळले नाही आणि रावांस तर नाहीच नाही. हेल्मेटातील यंत्रात बोलू लागले, "शर्वरी, सुरुवात म्युनिकपासून करू ना? हं, ठरलं." मागून उत्तर नाही. "आणि ती नदी जरा आडवाटेला पडते गं. पुढच्या वेळी करू. चालेल ना?" उत्तर नाही. मग भीत भीत मोठा विषय काढिला, "आणि तुझी आई त्याच महिन्यात यायचं म्हणत होती, त्यांना दिवाळीत या म्हणून सांगू या का?" आणि तेथेही विरोध नाही. घाट चढता चढता बोलिले, "किती समजूतदार आहेस गं तू. मी कधी बोलून दाखवत नाही, पण तू मागे बसलेली असलीस की मला कशाची भीती वाटत नाही." आयुष्यात बोलण्याजोगे एक वाक्य बोलिले, ते पोत्यांनी ऐकिले. घाटमाथ्यावर गाडी थांबविली आणि म्हणाले, "उतर आता, चहा घेऊ." कोणी उतरेना. मान वळविली. मागे आभाळ.

तो समय काय वर्णावा! रावांनी खाली उतरून पेट्यांमागेही पाहिले. बाईंस फोन लाविला तो आपल्याच टाकीवरच्या पिशवीत वाजू लागला. मग घाट उतरून पुढे जाऊन वळले, आणि परतीच्या वाटेवरील बोगद्यातून माघारी पळाले. वाटेत देवास बोलवावे तर कोणत्या तोंडाने, म्हणोन तेही केले नाही. पंपावर येऊन पाहतात तो बाई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तिखटमीठ लाविलेला पेरू खात आहेत. राव धापा टाकीत म्हणाले, "अगं, मला वाटलं तू मागेच आहेस. मी तुला विचारून विचारून सगळं ठरवलं. तू नाही म्हणाली नाहीस." हे शब्द तोंडातून निघाले मात्र, आणि आपण काय बोलिलो ते रावांस कळले. बाई आधी खदखदा हसल्या. मग हसू थांबले आणि डोळे भरले. म्हणाल्या, "काय काय ठरवलंस?" रावांनी सांगितले. नदीचे सांगितले. आईचेही सांगितले. बाई म्हणाल्या, "मग मी कशाला येऊ निरंजन? मी नसताना तुझं माझ्याशी जास्त चांगलं जमतं. तू एकटाच जा." ऐसे कोणी तोफेने सांगितले असते तरी इतके लागले नसते. त्या क्षणी राव जाणून चुकले की जर्मनी राहिली बाजूस, येथे घरचे राज्यच जाऊ पाहते आहे. पाया पडावे तर पंपावर लोक बघतात, न पडावे तर गत्यंतर नाही. अखेर इतकेच म्हणाले, "चुकलो गं." बाईंनी पेरू संपविला, हात पुसले आणि बोलिल्या, "किल्ली दे."

माहेरी मळ्यांच्या वाटांवर वडिलांची बुलेट बाई लग्नाआधी सर्रास चालवीत असत. रावांस हे ठाऊक होते, परंतु बारा वर्षांत आठवण्याची गरज पडली नव्हती. बाई पुढे बसल्या, राव मागे बसले. आणि गाडी ऐसी निघाली की रावांनी मुकाट्याने पोत्याची पेटी धरिली. राव मनी म्हणाले, आता घरापर्यंत ब्र काढावयाचा नाही. काही अंतर गेल्यावर हेल्मेटात आवाज आला, "तुला पहिला मुक्काम कुठं करायचाय?" रावांनी पेटी आणखी घट्ट धरिली. बाईंनी सिग्नल दिला, गाडी कडेस घेतली, इंजिन बंद केले, हेल्मेट काढिले आणि मागे वळून बोलिल्या, "मी विचारलंय. उत्तर आल्याशिवाय गाडी हलणार नाही." राव घाईघाईने म्हणाले, "तुझी नदी. मोझेल." बाई म्हणाल्या, "माझं मला ठाऊक आहे. तुझं सांग." शेजारून ट्रक जात होते, गाडी हालत होती. मसलती इतक्या केल्या, बरण्या इतक्या मांडिल्या, परंतु आपणांस काय पाहिजे हे स्वतःसही कधी पुसिले नव्हते. बाई थांबून राहिल्या. मग राव खाली बघून बोलिले, "मला भीती वाटते गं. परका देश, उलटी बाजू, एवढी मोठी गाडी. आपण आधी कुठंतरी दोन दिवस नुसतं बसू या का?" बाईंनी त्यांच्याकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "मलाही भीती वाटते." आणि हेल्मेट घालून गाडी सुरू केली.

तात्पर्य, जर्मनी काबीज जाहली नाही, आणि त्या देशास याची खबरही नाही. पुढील साली ज्येष्ठ मासी उभयता तेथे मोझेलकाठी गेली. सासूबाई अगोदर येऊन, राहून, लोणचे घालून परत गेल्या. तेथे गाडी कोणी चालविली हे लिहिण्याची हुजुरांची आज्ञा नाही. परंतु प्रत्येक पंपावर निघण्यापूर्वी निरंजनराव "आहेस का?" ऐसे पुसत असत, आणि "आहे" ऐसे उत्तर येईतो थांबत असत, इतके खात्रीचे वर्तमान हाती आले, ते लिहिले आहे.