वाढत्या अंगाचं पुस्तक

स्वतःचं पुस्तक स्वतः काढणं आता संपूर्णपणे मोफत झालं आहे, याबद्दल कोणीही मनात शंका बाळगू नये. पैसे लागतात ते फक्त छापलेलं पुस्तक हातात हवं असेल तर.

टेलरकाकांना ते हातात हवं होतं, इथेच सगळं बिनसलं. चाळीस वर्षं थोरल्या भावाबरोबर एकाच दुकानात कपडे शिवून काकांनी दुकानाला आता अर्धं शटर लावलं होतं, आणि गेलेल्या भावावर एक पुस्तक लिहिलं होतं. दादा कसे चिडायचे, कात्री कोणाला हात लावू द्यायचे नाहीत, गिऱ्हाईक जाडं झालं तर 'टेप आटलीय मेली' म्हणून कसे वेळ मारून न्यायचे, असं सगळं त्यात होतं. वाचक ठरलेला होता. वहिनी. वहिनींच्या डोळ्यांचे पडदे गेले होते, आणि डॉक्टरांनी सरळच सांगितलं होतं, 'फार तर वर्षभर दिसेल, काय वाचायचं ते वाचून घ्या.'

"आलं का हो पुस्तक, भावजी?" वहिनी रोज विचारायच्या. "नाहीतर मी आंधळी होईन आणि तुम्ही मला जिल्द चाचपायला द्याल."

काकांनी मग मागणीनुसार एकेक प्रत छापून देणारी कंपनी गाठली. ही सोय फार मोठी आहे. पूर्वी लेखकाच्या पलंगाखाली हजार प्रती पडून असत. आता पलंगाखाली काहीच नसतं, पैसे मात्र तेवढेच जातात. कंपनीच्या पत्रकाप्रमाणे तिचे अठ्ठ्याण्णव टक्के लेखक समाधानी आहेत (उरलेल्या दोन टक्क्यांना पुस्तक मिळालेलं आहे).

"सर, छपाई मोफतच आहे," फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "कागद तेवढा वेगळा."

"आणि शाई?"

"शाई कागदातच धरलीय, सर. आम्ही काय लुटायला बसलोय का?"

तिचं खरंच होतं. दरपत्रक आरशासारखं स्वच्छ होतं. मुखपृष्ठावर पुस्तकाचं नाव मोफत, लेखकाचं हवं असल्यास जादा. पानांना आकडे ऐच्छिक (न घेतल्यास पानं कोणत्याही क्रमाने लागू शकतील, त्याला कंपनी 'प्रयोगशील मांडणी' म्हणते आणि तिचे पैसे वेगळे लावते). कणा चिकटवणे, कणा सरळ चिकटवणे, या दोन निरनिराळ्या सेवा. विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे लेखकाला मानधन होतं, आणि सगळ्या वजावटी जाऊन ते उणे चहाचा एक कप एवढं भरत होतं. काकांचा वाचक एकच होता म्हणून बरं. ज्यांची पुस्तकं धडाधड खपतात, त्यांचे हाल कुत्रं खात नाही.

आता काका पडले टेलर. माप घेतल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कापडाला कात्री लावली नव्हती. त्यांनी वहिनींना दुकानाच्या दारात उजेडाला बसवलं, काळ्या अस्तरावर खडूने लहान-मोठी अक्षरं काढली आणि गळ्यातली टेप काढून वहिनींना दिसणाऱ्या सर्वांत लहान अक्षराची उंची मोजली. तेवढंच अक्षर, तसूभर कमी नाही की जास्त नाही, असं कंपनीला कळवलं. मोठ्या अक्षराला 'नेत्रसुख अधिभार' पडला. काकांनी तोही भरला आणि ट्रायल मागवली.

पुस्तकाच्या धंद्यात ट्रायलचेही पैसे पडतात, हे काकांना तेव्हा कळलं. कपड्याच्या बाजारात असं कोणी केलं असतं तर त्याला दुकानासकट उचलून फेकलं असतं. महिन्याने ट्रायलची प्रत आली. तेवढ्यात नजर आणखी उतरली होती.

"मुंग्या कुठं चालल्यात ह्या, भावजी?" वहिनी पान डोळ्याला लावून म्हणाल्या.

पुन्हा माप, पुन्हा अधिभार, पुन्हा महिना, पुन्हा मुंग्या. तेव्हा काकांनी कपाळावर हात मारून घेतला. शाळेच्या पोरांचे गणवेश शिवण्यात जन्म गेला, आणि एवढी साधी गोष्ट ध्यानात येऊ नये? पुस्तक वाढत्या अंगाचं करायला हवं होतं!

त्यांनी अंगठ्याएवढं अक्षर सांगितलं. पानावर चार शब्द मावू लागले आणि पुस्तकाचे पाच खंड झाले. पाच खंड म्हणजे नियमाने पाच पुस्तकं, पाच नोंदण्या, पाच कणे आणि लेखकाचं पाचदा अभिनंदन (हे मात्र एकाच्या दरात). काकांनी पिकोचं मशीन विकलं आणि दुरुस्तीला दिलंय म्हणून वहिनींना थाप मारली.

खंड हातगाडीवरून आले, तेव्हा वहिनींना खिडकीचा उजेड तेवढा दिसत होता. त्यांनी पाचही खंडांवरून हात फिरवला.

"केवढं लिहिलंत हो! ह्या माणसावर? दिवसाला दहा वाक्यं बोलायचा नाही तो."

काकांना रडूच आलं. एवढं माप घेऊन शेवटी कपडा अंगाला झालाच नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

"रडताय काय? वाचा की," वहिनी म्हणाल्या. "तोंडाला काय झालंय तुमच्या?"

काका वाचू लागले. आटलेल्या टेपेपाशी वहिनी एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. नेमका तेव्हाच फोन वाजला. कंपनीची ती मुलगी स्पीकरवरून अभिप्राय विचारत होती.

"सर, मागे आवाज कोणाचा?"

"वहिनी हसतायत. पुस्तक वाचून दाखवतोय त्यांना."

पलीकडे दरपत्रकाची पानं उलटल्याचा आवाज आला. "सर, म्हणजे श्राव्य आवृत्ती. तिचे हक्क आमच्याकडे असतात. दर श्रोत्यामागे आहे. श्रोता हसला तर सादरीकरण धरतात."

"अगं भवाने!" वहिनी कडाडल्या. "माझा नवरा, माझे कान, आणि पैसे तुला?" (अपशब्द अभिप्राय म्हणून मोफत नोंदवण्यात आला.)

तेव्हापासून दुकानात वाचन असं चालतं: काका वाचतात, आणि वहिनी उरलेल्या जुन्या मशीनवर बसून सुईत दोरा न ओवता पायडल मारत राहतात, म्हणजे बाहेर खडखडाटच ऐकू जातो. त्या खडखडाटात वहिनींनाही निम्मं ऐकू येत नाही. मग त्या 'पुन्हा म्हणा' म्हणतात, आणि काका पुन्हा म्हणतात. दुसरा खंड चालू आहे. दोघांनाही घाई नाही.

कंपनीवर मात्र कोणी उगाच दात धरू नये. मनातल्या मनात वाचणं तिने आजही पूर्णपणे मोफत ठेवलं आहे. वाचताना ओठ हलले तरच ते श्राव्य वाचन ठरतं, आणि श्रोता म्हणून वाचकालाच धरलं जातं. हे कळल्याबरोबर तुम्ही ओठ घट्ट मिटून घेतलेत, ते ठीक आहे. पण वहिनी कडाडल्या ते वाचताना तुमचे ओठ हलत होते, आणि मशीनही चालू नव्हतं. बिल घरपोच येईल. पोचवण्याचा आकार वेगळा.