एका सेंटची पायरी

घासाघीस कशी करायची हे मला कोणी शिकवू नये! तुळशीबागेत आईचं बोट धरून वाढलोय मी. त्यामुळे न्यूझीलंडमधल्या पोरिरुआच्या आमच्या गारठलेल्या घरात ऊब देणारा हीट पंप बसवायचं ठरलं, तेव्हा त्यासाठी जुने शेअर विकायचं काम मी छातीठोकपणे अंगावर घेतलं. पंपवाल्याला दुपारपर्यंत होकार द्यायचा होता, नाहीतर थेट उन्हाळ्यातली तारीख.

शेअर वीस सेंटांच्या आसपासचा. घेणारे एकोणीसला, विकणारे वीसला. मी फोनवरून साडेएकोणीस टाकून पाहिले, ॲपने परत केले. भाव एकेका सेंटनेच हलणार! विसात एक म्हणजे शंभरात पाच गेले. एवढी उंच पायरी कोण उतरणार? म्हणून सगळे वीसलाच रांग लावून उभे. आधी आला त्याचा माल आधी.

"एकोणीसला देऊन टाक ना, शार्दूल," ब्लँकेटमधून माझी बायको देवयानी म्हणाली. "हीप्स लोक आहेत तुझ्यापुढे, ढीगभर."

मी ऐकतोय कसला! सकाळभर पायातल्या जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, फटफटवत खिडकी ते दार फेऱ्या मारल्या. दर मिनिटाला फोन बघत होतो. चहा गार झाला, तरी हातातच. साडेअकराला रांगेत अगदी पुढे पोचलो आणि पुण्याहून आईचा फोन आला. ती पहाटे उठून पंचांग बघते.

"आज बुधवार. बारा ते दीड राहुकाळ. त्यात सौदा करू नकोस हं."

आईचा शब्द मोडवेना. बाराला ऑर्डर मागे घेतली, दीडला पुन्हा टाकली. नळावर बादली ठेवून घरी जावं, तशी आपली जागा राहील असं मी धरून चाललो होतो. जागा कसली राहते! मी नव्या रांगेच्या शेपटाला. दरम्यान कोणी मोठं गिऱ्हाईक येऊन आधीच्या रांगेतल्या सगळ्यांचा माल वीसला उचलून गेलं होतं, आणि उरलेले घेणारे अठरावर उतरले होते.

देवयानीने माझ्या हातून फोन घेतला आणि अठराला विकून टाकले.

तेवढ्या पैशात मोठा पंप बसेना, छोटा आला. तो फक्त बेडरूम गरम करतो. बेडरूममध्ये देवयानी झोपते, हॉलमध्ये मी.

रात्री आईने विचारलं, "राहुकाळ टळल्यावरच विकलेस ना?"

"हो, आई."

"बघ, केवढं नुकसान वाचलं!"

मी स्वेटरवर दुसरा स्वेटर चढवत हो म्हणालो. आईशी वाद घालायला अंगात ऊब लागते.