मला थंडी वाजत नाही

यंदाच्या हिवाळ्यात स्वेटर घालायचा नाही, हे मी ठरवलं ते विमानतळाच्या दारात, ऐन जानेवारीत, सकाळच्या गार वाऱ्यात.

वास्तविक मी थंडीला भिणारा माणूस आहे आणि ही गोष्ट मी कधी लपवलेली नाही. दिवाळीचा चिवडा संपायच्या आत माझी कानटोपी बाहेर निघते. (तनुजाच्या, म्हणजे बायकोच्या मते, आधी टोपी निघते आणि मग दिवाळी येते.) त्या दिवशी साडूला आणायला जायचं म्हणून स्वेटर, त्यावर जाकीट, कानटोपी आणि कानटोपीवरून मफलर, असा मी आपला साधाच पोशाख केला होता. साडू म्हणजे माझ्या मेहुणीचा, मोनिकाचा नवरा राजकुमार. दोघं कॅनडात असतात. हा गृहस्थ विमानतळाबाहेर आला तो अर्ध्या चड्डीवर.

"रामहरीदादा, कुठं निघालात? सियाचीनला?"

मोनिका हसली ते मी समजू शकतो, तिचा नवरा आहे. पण तनुजाही हसली. शेजारचा टॅक्सीवालाही हसला, त्याचा तर काहीच संबंध नव्हता.

"आम्ही निघालो तेव्हा तिकडे मायनस अठ्ठावीस होतं," राजकुमार म्हणाला. "हे तुमचं बारा-तेरा म्हणजे आमचा उन्हाळा. याला आम्ही थंडी म्हणतच नाही."

कॅनडाच्या थंडीत राजकुमारचा नेमका वाटा काय, मला कळलं नाही. आपल्याकडे कुणाचा लांबचा मामा आमदार असला की भाचा जसा बोलतो, तसा हा त्या मायनस अठ्ठावीसबद्दल बोलत होता.

"मला तरी कुठं थंडी वाजते?" मी म्हणालो. "ही घालायला लावते म्हणून घालतो." आणि तिथल्या तिथं मफलरापासून स्वेटरापर्यंत सगळं उतरवून भाड्याच्या गाडीच्या डिकीत टाकलं. तनुजा माझ्याकडे बघत राहिली. लग्नानंतर इतक्या वर्षांनी मी तिला चकित केलं होतं.

आता हे प्रकरण तिथंच मिटलं असतं, पण मध्ये सासऱ्यांचं पोतं आलं.

माझे सासरे नानासाहेब फुलंब्रीकडे शेती करतात. दर जानेवारीत त्यांच्या रानात हुरडा असतो. खड्ड्यात गोवऱ्या पेटवून आगटी करायची, तिच्यात ज्वारीची कोवळी कणसं भाजायची, आणि भोवती पोत्यांवर बसून गरम हुरडा खायचा. यातलं एक पोतं अशा जागी असतं की धूर दुसऱ्याच्या डोळ्यांत जातो आणि ऊब आपल्याला मिळते. ते पोतं थोरल्या जावयाचं. हुरड्याची पहिली मूठही त्याचीच. ऑफिसात माझं टेबल सगळ्यांत शेवटी, संडासाच्या भिंतीला आहे. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगीत माझ्या स्कूटरला जागाच नाही. घरातल्या रिमोटबद्दल तर मी बोलतच नाही. अख्ख्या दुनियेत माझा पहिला नंबर लागतो तो त्या पोत्यावर.

आणि त्याच संध्याकाळी नानांचा फोन आला. "रामहरीराव, यंदा तुमचं पोतं धाकल्या पाव्हन्याला द्यावं म्हनतो. तुम्ही आगटी उरावर घेऊन बसता, बाकीच्यास्नी जाळ दिसत बी नाय. थंडीला लई कच्चे तुम्ही."

"कोण, मी? मी स्वेटर सोडला, नाना. मला थंडी वाजत नाही."

"व्हय?" नाना म्हणाले. त्या 'व्हय'मध्ये एवढा अविश्वास होता की मी पेटलो. (शब्दशः पेटलो असतो तर बरं झालं असतं.) हुरड्याच्या दिवसापर्यंत स्वेटरला हात लावायचा नाही आणि पोतं सोडायचं नाही, अशी मी प्रतिज्ञा केली.

प्रतिज्ञा केली तरी जीव जगवायला हवाच. दुसऱ्या दिवशी गुपचूप शहागंजच्या बाजारात गेलो आणि अंगाला चिकटून बसणारं गरम इनर मागितलं.

"शर्ट के अंदर दिखना नै मंगता," मी दुकानदाराला बजावलं.

"किससे छुपारै साब?"

"साडू से."

त्यानं सहानुभूतीनं माझ्याकडे पाहिलं आणि एक पैसा कमी केला नाही. साडू त्यालाही असणार.

घरी राजकुमारचा पराक्रम चालूच होता. तिकडे म्हणे पापण्यांवर बर्फ धरतं. मी इनरवर पातळ शर्ट घालून खिडकीशी उभा राहायचो आणि म्हणायचो, "अरे वा." पण दोन रात्री आमच्या फरशीवर काढल्यावर राजकुमारची अर्धी चड्डी पूर्ण झाली. मग पायांत मोजे आले. मग तो हळूच म्हणाला, "दादा, तुमच्याकडे हीटर कुठंय?"

"बाथरूममध्ये गिझर आहे."

"तसं नाही. घराला?"

"घराला कशाला? घर काय अंघोळ करतं?"

मग उलगडा झाला. कॅनडात म्हणे अख्खं घर तापवलेलं असतं. गाडी तापवलेली, ऑफिस तापवलेलं. घरात ही माणसं बनियनवर बसतात.

"म्हणजे ते मायनस अठ्ठावीस तू बघतोस कुठून?" मी विचारलं.

"खिडकीतून," तो म्हणाला. प्रामाणिक माणूस आहे.

खरं तर इथं मी जिंकलो होतो. शहाणा माणूस उठला असता, स्वेटर घातला असता आणि साडूलाही एक दिला असता. पण जिंकायला मला साडू नको होता, मला पोतं हवं होतं.

हुरड्याच्या दिवशी पहाटेच निघायचं होतं. इनर बघतो तर जागेवर नाही.

"ते काय नवीन आणलंय तुम्ही? घामट वास मारत होतं. रात्री धुऊन टाकलं," तनुजा म्हणाली. इनर गॅलरीत दोरीवर टपकत होतं.

"आता स्वेटर कुठंय माझा?" माझी प्रतिज्ञा डळमळली, हे कबूल करतो.

"तो राजकुमाररावांना दिला. गारठलेत बिचारे. तुम्हाला तर थंडी वाजत नाही ना?" ती शांतपणे म्हणाली. या बाईला सगळं ठाऊक होतं, असा मला अजून संशय आहे.

रानात पोचलो तर ज्वारीवर दव आणि बोलताना तोंडातून वाफ. आगटी छान धगधगलेली. माझं पोतं अंथरलेलं. मी पातळ शर्टात छाती काढून त्याच्या दिशेनं निघालो. एवढ्यात, माझ्या स्वेटरात, माझ्या कानटोपीत आणि माझ्याच मफलरात गुंडाळलेला राजकुमार थरथरत म्हणाला, "नाना, मला फार थंडी वाजतेय हो."

हेच वाक्य मी म्हणालो असतो तर सासुरवाडीनं ते माझ्या तेराव्यापर्यंत चघळलं असतं. नानांचा चेहरा मात्र अभिमानानं फुलला.

"बघा, कॅनडाच्या मानसाला बी आपल्या रानातली थंडी सोसत नाय. म्हंजी केवढी कडक असंल." आणि त्यांनी जगाच्या थंडीत फुलंब्रीचा नंबर लावून राजकुमारला हाताला धरून माझ्या पोत्यावर बसवलं.

"नाना, ते पोतं..." मी म्हणालो.

"तुम्हाला कशाला पोतं, रामहरीराव? तुम्हाला थंडी वाजत नाय." नाना उठले आणि त्यांनी कौतुकानं माझ्या पाठीवर थाप मारली. पाठ आधीच बधिर होती. "बरं झालं आलात. आमचा सालगडी माऊली गावाला गेलाय आन् लाईट आत्ताच आली. गव्हाला पानी द्यायचंय. चला दारं धरायला. थंडी सोसणारा गडी घरातच हाय तर बाहेर कशाला हुडकायचा?"

दारं धरणं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची, फावडं घ्यायचं, पाटाच्या गार पाण्यात आणि चिखलात अनवाणी उभं राहायचं, आणि एक वाफा भरला की बांध फोडून पाणी दुसऱ्या वाफ्यात सोडायचं. वाफे संपतात, असं ऐकून आहे. मला पाय आहेत हे मी बघून ओळखत होतो, जाणवत नव्हतं. तिकडून भाजक्या कणसांचा वास आणि मोनिकाचं हसणं येत होतं. खिडकीतून मायनस अठ्ठावीस बघणाऱ्यांचा हेवा वाटला. ही थंडी शेतकरी दर हिवाळ्यात मुकाट सोसतो आणि आपण मफलर गुंडाळून तिच्यावर गप्पा मारतो, हाही एक थोर विचार तेव्हा मनात आला. पण तो पुढं नेण्याइतकं डोकं चालत नव्हतं.

लाईट गेली तेव्हा सुटलो. बांधावरून लटपटत आलो तो नाना सगळ्यांना सांगत होते, "असा जावई पायजे. येक शब्द बोलला नाय." (दात वाजत होते, बोलणार काय?) "उठा राजकुमारराव, पोतं त्यांचंच हाय. थोरला जावई तो थोरला जावई."

डोळ्यांत पाणी आलं माझ्या. राजकुमार उठला, माझा स्वेटर सावरत बाजूला झाला. मी माझ्या पोत्यावर बसलो आणि दोन्ही हात आगटीकडे पसरले.

आगटी केव्हाच विझली होती. वरची राख तेवढी कोमट होती आणि तिच्यात नानांचं कुत्रं अंगाचं मुटकुळं करून झोपलं होतं. मी त्याला जरा सरकवायला हात पुढं केला.

"राहू द्या, रामहरीराव," नाना म्हणाले, "मुकं जनावर हाय. त्याला थंडी वाजती."