टीव्हीच्या टेबलाची वेगळी चूल

"या घरात सुई हलली तरी मला कळतं!" हे वाक्य आजोबा दिवसातून एकदा तरी म्हणत. एका मोठ्या कारखान्याच्या कँटीनचे ते मुख्य आचारी होते. आता निवृत्त झाले होते, पण फक्त कारखान्यातून. घरच्या ओट्यावर अजून त्यांचंच राज्य होतं. सूनबाईला साधा चहा करायचा असला तरी परवानगी लागे, आणि चार वर्षांच्या नातीला, म्हणजे खारूला, तर प्रवेशच बंद!

खारूचा जीव मात्र त्याच ओट्यात अडकलेला. कणकेत बोट, पिठात नाक, डब्यात डोकं.

"आजोबा, काय शिजतंय? झाकण का उडतंय? त्याला आत गरम होतंय का?"

"अगं, माझ्या स्वयंपाकघरात लुडबुड नको!" आजोबा गरजत. "हिला कुणीतरी आवरा रे!"

आजोबांच्या मुलाने हे फारच मनावर घेतलं. बाल्कनीत टीव्हीचं जुनं टेबल धूळ खात पडलं होतं. त्याचं खारूसाठी खेळण्यातलं स्वयंपाकघर करायचं आणि तिच्या वाढदिवसाला समोर ठेवायचं, असं नवराबायकोचं ठरलं. आजोबांना मात्र यातलं अक्षरही सांगायचं नाही. कारण आजोबांच्या तोंडात तीळ भिजत नसे. खारूला तासाभरात सगळं कळलं असतं!

मग मागची खोली बंद राहू लागली आणि आतून करवतीचा आवाज येऊ लागला. आजोबांनी आधी दाराला कान लावला, मग फटीला डोळा. दिसली फक्त मुलाची पाठ.

"काय चाललंय रे आत?"

"काही नाही बाबा, ऑफिसचं काम!"

"ऑफिसच्या कामाला करवत कधीपासून लागायला लागली?"

आतला आवाज थांबला आणि मुलगा उगाचच खोकला. आता आजोबांना चैन पडेना. त्यांनी घरभर तपास केला. कणीक मळायचं स्टीलचं भांडं गायब! जुन्या मिक्सरचं बटण गायब! आणि भिंतीवरच्या 'उत्कृष्ट आचारी' प्रशस्तिपत्राच्या फ्रेमची काच चक्क नाहीशी झालेली! काच प्लॅस्टिकची होती, पण मानाची होती.

शेवटी ते कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे गेले.

"तुमचा मुलगा येऊन गेला की! नळ नेला, बिजागऱ्या नेल्या. म्हणाला, मागच्या खोलीत स्वयंपाकघर करतोय."

"स्वयंपाकघर? दुसरं?"

"हो. वर मला बजावून गेला, बाबांकडे बोलू नका म्हणून." एवढं बोलून दुकानदाराने जीभ चावली.

आजोबा आल्या पावली घरी परत फिरले. मुलगा चूल वेगळी करतोय! त्यात संध्याकाळी बंद दाराआडून सूनबाईचा आवाज आला, "एकदा हे झालं की रोजची आरडाओरड संपली बाई!"

आजोबांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाईट वाटलं. एका माणसापुरता भात कसा लावतात हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. आयुष्यभर शेकड्याच्या खाली माप घेतलं होतं कुणी! नाही, घर फुटू द्यायचं नाही. आपणच गोड व्हायचं.

"ये सूनबाई, ये," दुसऱ्या दिवशी ते म्हणाले. "ओटा तुझाच आहे. मीठसुद्धा तूच घाल."

सूनबाईच्या हातातला चमचा खाली पडला. घाबरून तिने मीठ दोनदा घातलं.

"जरा खारट झालंय ना, बाबा?"

"छे छे! छान खारट झालंय!"

ती तडक नवऱ्याकडे गेली. "अहो, बाबांना काहीतरी होतंय. सकाळपासून एकदाही ओरडले नाहीत!"

संध्याकाळी डॉक्टर हजर! त्यांनी जीभ पाहिली, छाती तपासली आणि विचारलं, "काय आजोबा, जिना चढता येतो? स्वतःचं स्वतः सगळं करता येतं?"

आजोबांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हातारा एकटा राहू शकेल की नाही, याची खात्री करून घेताहेत!

"मला काही म्हणजे काहीच येत नाही," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "साधा भातसुद्धा लावता येत नाही."

"हे कँटीनचे मुख्य आचारी ना?" डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन हळूच विचारलं. "स्मरणशक्तीवर लक्ष ठेवा."

ती कुजबुज पाहिली आणि आजोबांचा संयम संपला. ते ताडकन उठले, मागच्या खोलीकडे धावले आणि दोन्ही हातांनी दार ढकललं.

"मला वेगळं काढायचं तर तोंडावर सांगा!"

दार नुसतंच लोटलेलं होतं. आजोबा थेट आत गेले आणि समोरच्या ओल्या निळ्या रंगावर दोन्ही पंजे टेकून थांबले. ते टीव्हीचं टेबल होतं. त्यावर चार काळ्या गोल शेगड्या रंगवलेल्या, पुढे मिक्सरचं बटण, भोकात बसवलेलं कणकेचं भांडं, त्यावर नळ. खालच्या कप्प्याला ओव्हनचं दार, आणि दाराला प्रशस्तिपत्राची काच. सगळं मिळून आजोबांच्या गुडघ्याच्या जरा वर.

"हे... एवढंसं?"

"खारूसाठी आहे, बाबा. तुम्हीच म्हणालात ना, हिला आवरा म्हणून."

आजोबा मटकन खाली बसले. हसावं की रडावं ते कळेना, म्हणून त्यांनी नळ फिरवून पाहिला. "पाणी का येत नाही?"

"खेळण्यातलं आहे, बाबा!"

"आणि ओव्हनचं दार उलट्या बाजूने का उघडतंय? आचाऱ्याने उभं कुठे राहायचं?"

बापलेकांनी मिळून दार पुन्हा बसवलं. निळ्या रंगातले पंजे मात्र तसेच राहिले.

वाढदिवसाला खारू जी मागच्या खोलीत शिरली, ती दिवसभर बाहेर आलीच नाही. आजोबांचा ओटा अखेर शांत झाला. पातेल्यावरचं झाकण उडत होतं, पण का उडतंय ते कुणी विचारत नव्हतं. आजोबांनी गॅस बारीक केला, मोठा केला, पुन्हा बारीक केला. शेवटी हात पुसत ते मागच्या खोलीत गेले, उकिडवे बसले आणि खारूच्या भांड्यात बोट घालून म्हणाले, "काय शिजतंय गं?"

खारूने मानही वर केली नाही.

"आजोबा, माझ्या स्वयंपाकघरात लुडबुड नको!" आणि मग दाराकडे तोंड करून गरजली, "यांना कुणीतरी आवरा रे!"