मखमलीचा तुकडा

सकाळपासून दुकानातून अकरावा काळा चष्मा खपला, आणि सासरेबुवांनी तो भिंतीकडे तोंड करून विकला. गावभर डोळे आले होते. डोळ्यांत बघितलं की डोळे येतात, यावर सासरेबुवांची इतकी ठाम श्रद्धा, की त्यांनी आठवडाभर एकाही गिऱ्हाइकाचं तोंड पाहिलं नव्हतं. काल तर गिऱ्हाईक केव्हाच निघून गेलं होतं आणि हे टोपीच्या खुंटीला हमीचे फायदे समजावून सांगत होते.

सूनबाई आतल्या खोलीत काचा घासत हे सगळं ऐकत होती. चष्म्याचा नंबर काढायची परीक्षा ती पहिल्या वर्गात पास झाली होती, पण काउंटरवरची उंच खुर्ची सासरेबुवांची. तीस वर्षं ते तिच्यावरून हलले नव्हते, आणि पुढची तीस वर्षं हलतील अशी चिन्हं नव्हती. आज मात्र तिच्याच्याने राहवेना. हात धुऊन ती बिलबुक घेऊन बाहेर आली.

"बाबा, हे डोळे आपणच वाटतोय."

"काय बोलतेस? मी कुणाकडे बघतसुद्धा नाही!"

"बघून नाही येत. आजारी डोळ्यातलं पाणी हाताला लागतं, हाताचं वस्तूला, वस्तूचं दुसऱ्याच्या डोळ्याला. सोमवारी तो व्यायामाचा मास्तर आला. लालभडक डोळ्यांनी चौदा चष्मे लावून बघितले आणि बायकोला विचारून येतो म्हणून पसार झाला. त्यानंतर तुम्ही चौदाच्या चौदा चष्मे पुसलेत. कशाने?"

सासरेबुवांचा हात आपोआप काउंटरवरच्या तुकड्याकडे गेला. लाल मखमलीचा हातभर तुकडा. दुकान उघडलं त्या दिवशी सासूबाईंनी स्वतः कडा शिवून दिला होता. त्याने पुसल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात चष्मा द्यायचा नाही, हा सासरेबुवांचा नेम.

"तीस वर्षं झाली, याला पाण्याचा थेंब लागू दिलेला नाही मी! मखमल धुतली की गेली. कुणाला काही झालं आजवर?"

"आजवरचं मला माहीत नाही. मंगळवारी शिंपी आला, नुसता स्क्रू आवळायला. डोळे चांगले स्वच्छ. तुम्ही मायेने त्याचा चष्मा पुसून दिलात. काल त्याचे डोळे आले."

"बघितलं असेल कुणाच्या तरी डोळ्यांत."

"तो दिवसभर सुईच्या नेढ्यात बघतो, बाबा! आणि मंगळवारीच पोस्टमन आला, तेव्हा तुम्ही जेवायला गेला होतात. त्याचा चष्मा मी साबणाने धुऊन दिला. तो आहे ठणठणीत."

"म्हणजे आता माझ्या मखमलीवर आळ!" सासरेबुवांचा नुसता तिळपापड झाला. त्यांनी डोळ्यावरचा चष्मा काढला, त्याच तुकड्याने खसाखसा पुसला आणि पुन्हा चढवला. "हे बघ. मी दिवसातून दहा वेळा पुसतो. माझे आले का?"

"येतील."

"येऊच शकत नाहीत! आले तर ही खुर्ची तुझी. आणि रविवारपर्यंत नाही आले, तर जन्मभर आत काचा घासायच्या. तोंडातून ब्र काढायचा नाही."

"कबूल," सूनबाई म्हणाली. तिची मान ताठ होती.

शनिवारी संध्याकाळपर्यंत सासरेबुवांचे डोळे साफ होते. जाता येता ते मुद्दाम डोळे वटारून दाखवत होते. सूनबाईला त्या रात्री जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळी न्हाणीघरातून हाक आली, "अरे, दिवे का घालवलेत?" दिवे चालू होते. सासरेबुवांच्या पापण्या चिकटल्या होत्या. कोमट पाण्याने त्या सुटल्या तेव्हा आतून दोन टोमॅटो बाहेर आले.

"आरशात बघितलं मी," ते ताबडतोब म्हणाले. "स्वतःच्याच डोळ्यांत बघितलं. त्याने आले."

"आधी आले होते म्हणून आरशात दिसले, की आरशात बघितलं म्हणून आले?"

यावर सासरेबुवांनी विचार करायला वेळ मागितला. सूनबाईने तो दिला नाही. साबण घेऊन ती दुकानात गेली, एकूण एक चष्मा धुतला आणि तुकडा घरी आणून चुलीवरच्या उकळत्या पातेल्यात टाकला. सासरेबुवा चाचपडत धावले. "अगं, मखमल आहे ती! रंग जाईल! तिच्या हातची शिलाई आहे! तीस वर्षांत पाणी..."

तेवढ्यात दार उघडलं. लेकीच्या बाळंतपणाला महिनाभर गेलेल्या सासूबाई पिशवी घेऊन आत आल्या. नवऱ्याच्या डोळ्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं, मग पातेल्यात डोकावल्या.

"सोडा टाकलास का गं? नुसत्या पाण्याने तेलकटपणा जात नाही. मी दर रविवारी चमचाभर टाकते."

"दर रविवारी?" सासरेबुवांचा आवाज खोल गेला.

"मग? दुपारी तुम्ही घोरायला लागलात की दुकानातून आणायची, उकळायची, उन्हात वाळवून परत ठेवायची. आणि ही चौथी आहे. पहिली दुकानाच्या दुसऱ्याच वर्षी फाटली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

सासरेबुवा बराच वेळ पातेल्याकडे बघत राहिले. पातेल्याकडे बघायला त्यांची हरकत नव्हती.

आठ दिवसांनी दुकान उघडलं तेव्हा सूनबाई उंच खुर्चीवर होती. पाय जमिनीला टेकत नव्हते, पण तिला त्याचं काही नव्हतं. पहिलं गिऱ्हाईक आलं तशी आतल्या खोलीतून काचा घासण्याचा आवाज थांबला.

"पुसून दे गं त्यांना!" सासरेबुवा ओरडले. नेम म्हणजे नेम.

"धुऊन देते, बाबा," सूनबाई म्हणाली, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत सरळ बघून हसली.