वॉर्ड एकोणीसचे कै. नगरसेवक

धैर्यशील मगदूम फुटबॉलचा सामना चालू असताना मैदानावर वारला आणि पुढच्या सोमवारी त्याच मैदानावर प्रशिक्षक म्हणून रुजू झाला. मेलेल्या माणसाला खेळवता येत नाही, यावर तालीम संघाच्या बैठकीत एकमत होतं. पण प्रशिक्षकाला पळावं लागत नाही, तेव्हा अडचण नव्हती.

अडचण घरी होती. तेराव्याला पेठ जेवून गेली, रेशनकार्डावरचं नाव कमी झालं आणि धैर्यशीलचं घरी येणं बंद झालं. धाकटा सुजित पालिकेच्या खिडकीवर गेला. माझा भाऊ घरी का येत नाही, असं त्याने सरळ विचारलं. कारकुनाने कागद चाळले.

"घरातला माणूस गेलाय," तो म्हणाला. "वॉर्डातला आहे. मतदार यादीत नाव आहे की अजून."

सुजितने तिथलं स्टूल उलथवलं. नियम तोच राहिला.

तो सरावाला जाऊन उभा राहिला, तर दादाने त्याला न ओळखता दहा फेऱ्या मारायला लावल्या. पुढे दादा हायस्कूलात खेळाचा शिक्षक झाला. नववीत शाळा सोडलेला सुजित परत नाव घालायला गेला, पण एकविसाव्या वर्षी कोण घेणार? मग दादा निवडणुकीला उभा राहिला. उमेदवार मयत असल्याची हरकत आली, पण अर्जात तसा रकानाच नव्हता. दादा निवडून आला.

मंगळवारी नगरसेवक लोकांना भेटत. सुजित रांगेत उभा राहिला.

"दादा, घरी चल. आई धड जेवत नाही."

"आपली तक्रार कोणत्या विभागाची?" धैर्यशीलने विचारलं. आवाज तोच होता.

गल्लीतला दिवा बंद आहे, असं सुजित म्हणून गेला. दिवा चांगला होता. घरी जाऊन त्याने बॉल मारून तो फोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरसेवक वायरमनला घेऊन पाहणीला आले. खांब मगदुमांच्या दारापासून आठ पावलांवर होता. आई उंबऱ्यात येऊन बघत राहिली. त्या दुपारी ती दोन भाकऱ्या जेवली.

मग सुजित दर मंगळवारी दिवा फोडू लागला. पाचव्या खेपेला मात्र नेम बसेना. बुधवारी पाहणी आली तेव्हा दिवा शाबूत होता आणि सुजित घामाघूम होऊन बॉल मारत होता.

"तक्रार खोटी आहे, साहेब," वायरमन म्हणाला. खोटा शेरा पडला की त्या घराची तक्रार पुन्हा घेत नसत.

धैर्यशीलने बॉलकडे पाहिलं, मग सुजितच्या पायाकडे. प्रशिक्षकाचं काम त्याने सोडलं नव्हतं आणि वॉर्डातल्या कुणालाही शिकवायची त्याला मुभा होती.

"डावा पाय बॉलच्या शेजारी रोव," तो म्हणाला. "दिव्याकडं बघू नकोस. बॉलकडं बघ."

सुजितला बॉल दिसत नव्हता. डोळे भरून आले होते.

"पूस डोळं," आई उंबऱ्यातून म्हणाली, "आन् मार."

काच खाली आली. धैर्यशीलने दिवा बंद असल्याची नोंद केली, तारीख घातली आणि वायरमनला शिडी लावायला सांगितलं.

"सावकाश लाव," तो म्हणाला.