सोळा आणे विद्येच्या उतरणीची हकिकत

श्री. ज्या विद्येपुढे जाणता मनुष्य आपला आवाज जरा खाली आणितो, तीस आरंभी दंडवत. शके सतराशे, विलंबी नाम संवत्सरी, एका राज्यात (नाव पुसू नये) वैद्यांची थोरली पाठशाळा होती आणि वैद्यकी शिकून आलेल्यांस, औषध खरे की खोटे हे माणसांवर पारखावे कैसे, ही विद्या तेथे दोन वर्षे शिकवीत. शाळेच्या मुख्य बयाबाई वैद्य. मोठ्या करारी, परंतु दिवाणखान्याचा हुजऱ्या दिसला की त्या मागल्या दाराकडे पाहू लागत. कारण दिवाण नारो त्रिमल यांस मोजमापाचा भारी नाद, आणि त्यांनी हुकूम केला होता की, विद्यार्थ्याने शाळेत येताना आणि शाळेतून निघताना आपली विद्या सोळा आण्यांपैकी किती हे स्वमुखे सांगावे. मग काय विचारता, येताना सर्वांनी छाती काढून सोळा सांगितले, एकाने तर अठरा सांगितले, त्यास कारकुनाने चुचकारून सोळावर आणिले. आणि शिकून निघावयाचा दिवस आला तेव्हा तेच विद्यार्थी डोके खाजवीत, कोणी सात म्हणाला, कोणी सहा.

दिवाणजींची मर्जी खप्पा जाहली. बयाबाईंस हुजूर बोलावून म्हणाले, "बाई, मुले सोळा आणे घेऊन येतात आणि सात घेऊन जातात. ही शाळा की गळकी घागर? उद्या कुलूप घालावे." बयाबाईंस ब्रह्मांड आठवले. सारी उमर त्यांनी त्या शाळेत घातली होती आणि मुले हुशार होऊन जातात हे त्यांस पक्के ठाऊक होते, परंतु आकड्यापुढे तोंड कैसे उघडावे? मग धीर करून म्हणाल्या, "कुलूप घालावे, दिवाणजी, परंतु आधी एक सोळा आणेवाला आणि एक सात आणेवाली समोरासमोर बसवून पाहावे." दिवाणजींस तमाशा आवडे, सबब हो म्हणाले.

मग सकाळीच शाळेत दाखल झालेला पिलाजी मिशांस पीळ देत बसला आणि शिकून निघालेली जानकी पदर सावरीत बसली, आणि दिवाणजींनी गुडघेदुखीचा लेप पुढे ठेवून पुसले, हा खरा की खोटा कैसे ठरवाल? पिलाजी म्हणाला, "दहा म्हातारे बोलावू, लेप लावू, बरे वाटले की खरा. त्यात काय शिकायचे?"

जानकी हळूच म्हणाली, "थंडी सरली की गुडघे तसेही हलके होतात. लेपाऐवजी नुसती माती लावलेले आणखी दहा म्हातारे शेजारी नकोत का?"

"ते राहिलेच," पिलाजी म्हणाला आणि त्याने मिशी सोडली.

"आणि खरा लेप कोणता, नुसती माती कोणती, हे लावणाऱ्याला ठाऊक असेल, तर तो खरा जरा जोराने चोळील की नाही? आणि एखादा म्हातारा म्हणाला, मला नको, तर?"

"शिपाई धाडू," पिलाजी बोलून गेला आणि सभा हसली, आणि आपण काय बोललो हे ध्यानी येऊन तो कानापर्यंत लाल जाहला.

"त्याला घरी जाऊ द्यावं आणि त्याचं रोजचं औषध चालू ठेवावं," जानकी म्हणाली. "तरी पुष्कळ येत नाही मला. आजारी माणूस भिडेनं हो म्हणतो की मनापासून, ते अजून नीट ओळखता येत नाही. म्हणून सात."

दिवाणजी गादीवरून पुढे सरकले. "पिलाजी, आता तुझे किती?"

"तीन, सरकार."

"घटकेत तेरा आणे गेले कोठे?"

"गेले नाहीत, सरकार. सकाळीही नव्हतेच. सकाळी एक असेल नसेल."

दिवाणजींनी बोटांवर मोजले. एकाचे तीन. मग त्यांनी निघालेले सर्व विद्यार्थी बोलाविले आणि येताना खरे किती होते ते आज सांगा म्हणाले, आणि कोणी एक सांगितला, कोणी अर्धा, आणि अठरावाला खांबाआड गेला. दिवाणजी खुलले. कुलूप परत कोठीत गेले आणि बयाबाईंस इतका आनंद जाहला की डोळे पुसावे लागले. दिवाणजी म्हणाले, "शिकून झाल्यावर मागचे पुसावे, हा सवाल आम्हांस सुचला. बाई, आपली विद्या किती आणे?"

"काल दहा सांगितले असते," बयाबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं शिकवते आणि हा सवाल मला सुचू नये? नऊ लिहा."

येणेप्रमाणे शाळा राहिली, पिलाजी शेवटल्या चटईवर जाऊन बसला, आणि खुद्द दिवाणजींचे आणे किती हे कारकुनाने पुसले नाही, कारण त्यास नोकरी प्रिय होती.